गाडी वृंदाची होती

वृंदा, आपल्या दिल्लीतल्या मराठी मंडळाच्या सेक्रेटरींचा परवा फोन आला होता. वार्षिक अंकात तुझ्यावर दोनशे शब्द हवेत म्हणाले. "तुम्हाला आत्ता सुचणार नाही, समजू शकतो," असं म्हणून त्यांनी स्वतःच मजकूर लिहून पाठवला. मी फक्त खाली माझं नाव घालायचं. त्यात तू मनमिळाऊ आहेस, सुगरण आहेस आणि 'पतीच्या पाठीशी सदैव खंबीरपणे उभी' आहेस. शेवटची ओळ अशी: 'श्री. निमकर यांच्या मोटरसायकलवरून येता-जाता या जोडप्याला द्वारकेत सर्वांनीच पाहिले आहे.'

मेल्या म्हशीला मणभर दूध, हे ऐकून होतो. इथे म्हैससुद्धा दुसऱ्याच्याच गोठ्यात नेऊन बांधलीय.

सुगरण! तुझ्या हातची पोळी माझ्या आईने एकदा उजेडात धरून पाहिली होती आणि विचारलं होतं, "ही खायची की भिंतीला लावायची?" तू म्हणालीस, "आई, भिंतीलाही नको. कडा सरळ नाहीत, मी पास करणार नाही." बावीस वर्षं तू लोकांच्या बिल्डिंगांमधल्या फरश्या, प्लास्टर आणि पाण्याच्या टाक्या पास-नापास केल्यास. सिव्हिल इंजिनियर हा शब्द त्या दोनशे शब्दांत बसला नाही. सुगरण बसला.

आणि 'निमकर यांच्या मोटरसायकलवरून'! जे सर्वांनी पाहिलं तेही धड पाहिलेलं नाही. हँडल तुझ्या हातात असायचं. मागे मी, मांडीवर डबा घेऊन. हेल्मेटखालून तुझी वेणी जॅकेटवर लोंबत असायची, ती माझ्या तोंडात जायची म्हणून आपण रोज भांडायचो. आख्ख्या सोसायटीने नऊ वर्षं ती वेणी पाहिली, आणि तरी गाडी माझी.

तेराव्यापर्यंत मी नुसता ऐकत होतो. खालच्या मजल्यावरचे गुप्ताजी लिफ्टमधे भेटले. "सुनके बहुत दुख हुआ. बाइक पे थीं?" म्हटलं, "नहीं जी, डेंगू था." ते म्हणाले, "फिर भी, बाइक तो रिस्की चीज़ है." तुझा भाऊ अकोल्याहून आला, तोही जाताना म्हणाला, "भाऊजी, ती गाडी विकून टाका आता. तुम्हीच तिला नाद लावलात." मी लावला! तो स्वतः आठवीत असताना तू वडिलांची मोटरसायकल ढकलत अंगणाबाहेर काढून त्याला शाळेत सोडायचीस, हे माणूस विसरतो तरी कसा?

डासाला कुणी काही बोललं नाही. सोसायटीच्या शेजारी दोन वर्षं खणून ठेवलेल्या तळघराला कुणी काही बोललं नाही. बिल्डर पळाला, खड्डा राहिला, खड्ड्यात हिरवं पाणी. त्याबद्दल तू महापालिकेला चार पत्रं लिहिलीस, फोटोसकट, पाण्याची खोली मोजून. जन्मभर लोकांच्या तळघरातलं पाणी उपसायला लावलंस आणि शेजारच्या तळघराने तुझा जीव घेतला. याचा मला इतका राग येतो की मी रोज सकाळी त्या पत्र्याच्या कुंपणाला लाथ घालून मग मेट्रोला जातो. वॉचमन बघतो. बघू दे.

गाडीचं मात्र मला नीट सांगू दे, कारण ते दुसरं कुणी सांगणार नाही.

नव्या सेक्टरांमधल्या साइट तुझ्याकडे आल्या तेव्हा तुझ्याकडे स्कूटर होती. तिथे टॉवर उभे राहत होते, फ्लॅट विकले जात होते, माहितीपत्रकात रस्त्याच्या दुतर्फा झाडं होती. फक्त रस्ता नव्हता. बिजवासनच्या पुढे रेल्वेचं फाटक ओलांडलं की शेतातली वाट, ट्रॅक्टरने पाडलेल्या चाकोऱ्या, मधेच वीस पावलं डांबर आणि पुन्हा खड्डा. स्कूटरची तिसरी रिम वाकली त्या दिवशी तू घरी आलीस ती गुडघा फोडून घेऊन. म्हणालीस, "सुहास, जिथे रस्ता नाही तिथे मला रोज जायचंय. मग गाडी तशीच हवी ना यार!" आणि अर्धी रस्त्याची, अर्धी रानवाटेची अशी ती उंच गाडी तू घेऊन आलीस. एकच सिलिंडर, पुढचं चाक मोठं, मडगार्ड हातभर वर उचललेलं, नावालाच सीट. पहिल्या दिवशी मी तिच्याशेजारी उभा राहिलो आणि तू फोटो काढलास. तुझी उंची पाच फूट एक इंच. माझी पाच-दहा. फोटोत गाडी मला शोभून दिसत होती, हे कबूल करतो.

लोकांनी पहिला प्रश्न विचारला, "लद्दाख जाओगे?" दुसऱ्या दिवशीही तोच आणि नऊ वर्षांनीही तोच. पेट्रोल पंपावर, सिग्नलला, भाजीवाल्याकडे. लडाख! दिल्लीत उंच गाडी दिसली की ती लडाखलाच गेली पाहिजे, असा कायदा असावा. तू चिडून म्हणायचीस, "यांना सांग, लडाखचे रस्ते आमच्या सेक्टरपेक्षा बरे आहेत." त्या गाडीने कधी डोंगर पाहिला नाही. तिने मेथी वाहिली, गॅसची शेगडी वाहिली, नमुन्याच्या विटा वाहिल्या आणि सकाळी आठला मला मेट्रो स्टेशनवर सोडलं. ताशी साठच्या पुढे गेली की आरशात मागचं जग नुसतं थरथरताना दिसायचं आणि मी उतरलो की पायाच्या बोटांना मुंग्या आलेल्या असायच्या. कसली लडाखची रोमँटिक गाडी! दळणाची गिरणी होती ती, आणि तू तिच्यावर रोज चाळीस किलोमीटर जायचीस.

तुझे दोन्ही पाय जमिनीला टेकत नसत. सिग्नल आला की तू सीटवरून डावीकडे सरकायचीस आणि एकच पाय खाली ठेवायचीस. त्यासाठी कुठे थांबायचं हे तू वीस फूट आधी ठरवलेलं असायचं. जिथे डांबर जरा उंच, जिथे कडेचा दगड मिळेल तिथे. मागे मी ऐंशी किलोचा, आणि गाडी कधी बोटभरही कलंडली नाही. शेजारच्या कारमधले लोक काच खाली करून मला सांगायचे, "भाईसाहब, आप चला लो, मैडम का पैर नहीं पहुँच रहा." मला सांगायचे! तू समोर बघत राहायचीस. मीही समोरच बघायचो.

तूच मला शिकवायचा घाट घातला होतास. रविवारी सकाळी रिकाम्या प्लॉटवर. माझे दोन्ही पाय पुरत होते, तरी क्लच असा सोडला की गाडी मला टाकून आडवी झाली. आरसा फुटला. तू हसली नाहीस. गाडीकडे पाठ करून उकिडवी बसलीस, हँडल आणि मागची कडी धरून पायांच्या जोरावर ती उभी केलीस. "पुढच्या रविवारी परत," म्हणालीस. पुढच्या रविवारी मी पाठदुखी काढली. त्याच्या पुढच्या रविवारीही. मग तू विचारणं सोडलंस.

रफीक मिस्त्रीचं तुला आठवतं? आपण दोघं त्याच्या दुकानात उभे राहायचो. इंजिनात खटखट व्हायची, तू विचारायचीस, "टैपेट का आवाज़ क्यों आ रहा है?" आणि तो माझ्याकडे बघून उत्तर द्यायचा, "सर, गरम होके आता है, चेक कर लूँगा." तू परत विचारायचीस, तो परत मला सांगायचा. टेनिसची मॅच बघावी तसा मी मान फिरवत उभा. तू दमून मला म्हणालीस, "पुढच्या वेळी तू येऊच नकोस." मी जाणं बंद केलं आणि दोन महिन्यांत तो तुझ्याशी बोलायला लागला. तेव्हा आपण हसलो. आज वाटतं, मी तिथे उभा होतो तोवर तू त्याला दिसणार नव्हतीस, आणि मी बाजूला व्हायचं सोडून मान हलवत होतो.

हे सगळे आंधळे म्हणून मी एवढ्या शिव्या घालतोय. आता माझं ऐक. तुला ते थोडं माहीत आहे, सगळं नाही.

साइटवरून तुझं जादा हेल्मेट चोरीला गेलं, त्यानंतर माझं हेल्मेट तुझ्याकडे न ठेवता मी ऑफिसला बरोबर न्यायला लागलो. ते टेबलावर असायचं. बन्सल माझ्या शेजारी बसतो, तो एक दिवस म्हणाला, "अरे नीमकर साहब, बाइक? दिखाओ तो." मी फोनमधला तो फोटो दाखवला. तो ओरडलाच, "ये! ये चलाते हो आप?" वृंदा, तिथे एक शब्द पुरला असता. मी नुसता हसलो. मग त्याने विचारलं, "लद्दाख?" आणि मी म्हणालो, "अगले साल."

इथून पुढे आयत्या बिळावर नागोबा. रविवारी तू खाली बसून जुन्या टूथब्रशने रॉकेल लावून चेन साफ करायचीस, मला सांगायचीस की चेन किती सैल ठेवायची, आणि सोमवारी ते मी कॅन्टीनमधे सांगायचो. कोणत्या खड्ड्यात उभं राहून जायचं, ब्रेक आधी कुठला दाबायचा, सगळं. बन्सलने मुलासाठी गाडी घेतली तीही माझ्या सल्ल्याने, म्हणजे तुझ्या. ऑफिसातल्या पोरी मला 'राइडर सर' म्हणायच्या. छप्पन्न वर्षांच्या, पोट सुटलेल्या सेक्शन ऑफिसरला ते आवडलं, एवढाच माझा गुन्हा म्हणायचो मी. नऊ वर्षं एवढंच म्हणत होतो.

यंदाच्या गणपतीला बन्सल बायकोला घेऊन आपल्याकडे दर्शनाला आला. तू मोदकांची ताटली घेऊन बाहेर आलीस, आणि तो म्हणाला, "भाभीजी, आपकी हिम्मत है. इतनी ऊँची बाइक पे इनके पीछे बैठती हैं, डर नहीं लगता?"

तू माझ्याकडे पाहिलंस. मी गणपतीकडे पाहिलं.

"नहीं भाईसाहब," तू म्हणालीस, "ये बहुत सँभालके चलाते हैं."

"अजी, ऑफिस में तो ये हमारे उस्ताद हैं! चेन, टैपेट, सब इनसे सीखा हमने."

"अच्छा?" तू म्हणालीस. "टैपेट भी?" आणि त्याच्या बायकोला म्हणालीस, "लीजिए ना, एक और लीजिए."

ते गेल्यावर मी तुझी वाट बघत होतो. तू ताटल्या विसळल्यास, समईत तेल घातलंस, झोपलीस. दुसऱ्या दिवशी सकाळी खाली गेलो तेव्हा तू किल्ली माझ्यापुढे धरलीस. "चलो, आज तू चालव." आवाजात राग नव्हता, थट्टाही नव्हती. मी म्हणालो, "ऑफिसला उशीर होईल गं." तू म्हणालीस, "बरं." आणि हेल्मेट घातलंस.

तू भांडायला हवं होतंस, वृंदा! वेणीवरून भांडायचीस, गुप्ताजींच्या कुंड्यांवरून भांडायचीस, दोन मिलिमीटरच्या उतारावरून ठेकेदारांना रडवायचीस. आणि नऊ वर्षांच्या चोरीवर 'बरं'? मला त्याचाही राग येतो. तू मला सांभाळून घेतलंस, परक्या माणसासमोर माझी लाज राखलीस, तीही तुझी गाडी देऊन. एवढं मोठं मन कुणी मागितलं होतं तुला? दोन थोबाडीत दिल्या असत्यास तर मी निदान माफी मागितली असती. पुढचे तीन आठवडे मी रोज तुझ्या मागे बसत होतो आणि रोज सकाळी स्टेशन येईपर्यंत वाक्य जुळवत होतो. स्टेशन यायचं, मी उतरायचो, हेल्मेट काखेत मारायचो.

मग ताप आला. पाचव्या दिवशी हॉस्पिटलात मी एकदाचं तोंड उघडलं. "वृंदा, ते ऑफिसमधलं, बन्सल म्हणाला ना—" तू डोळे मिटूनच म्हणालीस, "नंतर रे. डोकं फार दुखतंय." मी म्हटलं, ठीक आहे, नंतर. बाटली बदलायला नर्स आली. त्या रात्रीपासून तू शुद्धीवर नव्हतीस.

तेराव्याला तुझा फोटो हवा होता. गाडीवरचा लावावा असं माझ्या मनात आलं. फोनमधे गाडीचे चाळीसेक फोटो आहेत आणि सगळ्यांत मीच आहे, कारण काढणारी तू होतीस. शेवटी शालू नेसलेला लग्नातला लावला. आपण दोघांनी मिळून तुझ्या गाडीवरून तुलाच उतरवून ठेवलं होतं, पण त्यातला मोठा हात माझा.

रफीक आला होता. दाराशीच उभा राहिला, आत येईना. कागदात गुंडाळलेली क्लचची केबल माझ्या हातात ठेवली. "मैडम ने मँगवाई थी. पुरानी वाली कड़क हो गई थी, उनके हाथ में दर्द होता था." मला माहीत नव्हतं की तुझा हात दुखायचा. मग म्हणाला, "साहब, मैडम की गाड़ी है, खड़ी-खड़ी ख़राब मत होने देना. हफ़्ते में एक बार मैं आके स्टार्ट कर जाऊँगा." इतक्या माणसांत 'मैडम की गाड़ी' म्हणणारा तो एकटा. मला त्याच्या डोळ्याला डोळा देता आला नाही.

काल गाडी नावावर करायला आरटीओत गेलो. आपल्याला मूलबाळ नाही, वारस मी एकटाच. बन्सल बरोबर आला, त्याची तिथे ओळख आहे म्हणून. चांगला माणूस आहे, माझे कागद त्यानेच क्रमाने लावून आणले होते. क्लार्कने पुस्तक उघडून तुझं नाव वाचलं आणि मान वर न करता म्हणाला, "अच्छा, गाड़ी वाइफ़ के नाम पे ली थी. चलाते आप ही थे." हा प्रश्न नव्हताच. बन्सल म्हणाला, "और कौन! नौ साल से चला रहे हैं साहब."

मी म्हणालो, "नहीं. गाड़ी उन्हीं की थी. वही चलाती थीं. मैं पीछे बैठता था."

बन्सलने माझ्या पाठीवर हात फिरवला आणि क्लार्कला हळूच म्हणाला, "अभी सदमे में हैं जी. आप कीजिए." क्लार्कने समजूतदारपणे मान हलवली आणि शिक्का मारला.

बघ! खरं बोललो तर ते दुःखात जमा झालं. मी परत सांगितलं, जरा मोठ्याने. मागच्या रांगेतली माणसं बघायला लागली. क्लार्क म्हणाला, "ठीक है बाबूजी, ठीक है, यहाँ साइन कर दो." मी सही केली. तुझी गाडी आता कागदावरही माझी आहे.

बाहेर आल्यावर बन्सलने चहा मागवला. मी त्याला म्हटलं, "सदमा-वदमा कुछ नहीं. मुझे बाइक चलानी आती ही नहीं." तो हसला. मग मी त्याला प्लॉटवरचं सांगितलं, फुटलेला आरसा, दोन रविवारची पाठदुखी. तो हसायचा थांबला. गणपतीच्या दिवसाचं सांगितलं. तू माझ्याकडे पाहिलंस ते, आणि मी कुठे पाहिलं ते.

 तो म्हणाला, "तो वो चेन, टैपेट... वो सारी बातें?"

"उसकी थीं. सब उसकी."

"और भाभीजी मेरे सामने झूठ बोलीं? आपके लिए?"

मी मान हलवली.

"शर्म नहीं आई, नीमकर?" तो म्हणाला. साहब नाही, जी नाही. ग्लास तसाच ठेवला आणि रस्ता ओलांडून निघून गेला.

त्याच्या पाठीकडे बघत मी तिथे उभा राहिलो. तू गेल्यापासून पहिल्यांदा मला जरा बरं वाटलं, वृंदा. तुझ्यासाठी अखेर कुणीतरी माझ्यावर रागावलं होतं.